किती टनाचा एसी बसवू?

महाडला किंवा पोलादपूरला कुणी मंगल कार्यालय बांधायला घेतलं, जुन्या हॉलचं काम काढलं की घरात, नात्यात, बांधकामवाल्याच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरतो : एसी किती टनाचा बसवायचा? एसीवाला तयारीचाच असतो. तो टेपने हॉल मोजतो, शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन धरतो, मोबाइलवर भागाकार करतो आणि उभ्या उभ्या आकडा सांगतो. अडीच हजार फुटांचा हॉल असेल तर वीस-पंचवीस टन. पुण्याच्या हॉलला हेच गणित, सोलापूरच्या हॉलला हेच आणि सावित्रीच्या काठावरच्या हॉललाही हेच. पहिली गफलत इथेच होते.

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मग तो टन कशाचा, हे फारसं कुणी सांगत नाही. तो बर्फाचा. एक अमेरिकन टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॅट. कंपन्या ही ताकद ठरावीक परिस्थितीत मोजतात : बाहेर ३५ अंश, आत २७ अंश आणि आतल्या हवेत आर्द्रता साधारण ४७ टक्के. महाडच्या हॉलमध्ये आर्द्रता ४७ टक्क्यांवर राहिली असती, तर निम्मं वऱ्हाड पंख्याखालीच सुखाने बसलं असतं. कॅटलॉगमधला टन आणि इथला टन हे असे वेगळे पडतात.

हल्ली या चर्चेत एक नवा मुद्दा शिरतो. कुणाचा तरी भाचा अमेरिकेत असतो. तो व्हिडिओ कॉलवर सांगतो, “मामा, इकडे सगळ्या दुकानांच्या छपरावर एकच पेटी असते. थंड तीच करते, गरम तीच करते. गॅसवर चालते. तुम्ही तीच बसवा ना.” भाचा खोटं सांगत नाही. न्यू जर्सी-शिकागोकडच्या दुकानांच्या आणि शाळांच्या सपाट छपरांवर अशा पेट्या खरोखरच ओळीने मांडलेल्या असतात. एकाच पेटीत कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, थंडावा देणारी कॉइल, हवा ढकलणारा ब्लोअर आणि त्याच्या पुढे गॅसची भट्टी. पेटीच्या बुडातून दोन रुंद डक्ट छपरातून थेट खाली उतरतात. एकातून हवा हॉलमध्ये जाते, दुसऱ्यातून परत वर येते.

इथे गॅस म्हणजे जळणारा गॅस. मेकॅनिक येऊन ‘भरतो’ तो नव्हे. थंडीत कॉम्प्रेसर बंद होतो आणि बर्नर पेटतो. ज्योत हॉलच्या हवेला शिवत नाही. ती पोलादी नळ्यांच्या आत जळते, नळ्या तापतात, ब्लोअरची हवा त्यांच्या बाहेरून जाताना गरम होते आणि नळ्यांमधला धूर एक छोटा पंखा छपराबाहेर फेकतो. जाळलेल्या गॅसमधली साधारण ८० टक्के उष्णता हॉलला मिळते, बाकीची धुराबरोबर जाते. नळीला चीर पडली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हॉलच्या हवेत मिसळू शकतो, म्हणून तिकडे थंडीच्या तोंडावर या नळ्यांची तपासणी करून घेतात. यंत्र निवडतानाही तिथला माणूस दोन आकडे मागतो, थंड करण्याचा वेगळा आणि गरम करण्याचा वेगळा. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत का आणि बर्नर मंद-मोठा असा दोन पायऱ्यांवर चालतो का, हेही बघतो. जानेवारीत शिकागोचा पारा उणे २० पर्यंत जाऊ शकतो आणि गॅस रस्त्याखालच्या पाइपमधून दारात येतो. तिथे हे यंत्र चोख आहे.

महाडात ते बसवलं तर काय होईल? हॉलला लागेल त्या आकाराच्या पेटीतला बर्नर १०० किलोवॅटचा धरू. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये साधारण २४० किलोवॅट-तास उष्णता असते. म्हणजे बर्नर पूर्ण ताकदीने चालवला तर सिलिंडर अडीच तासांत रिकामं. आणि हे कशासाठी? इथला पौषातला गारठा हॉलमध्ये दोनशे माणसं आली की आपोआप जातो. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटहून थोडी जास्त उष्णता बाहेर टाकतो. दोनशे माणसं म्हणजे वीस-बावीस किलोवॅटची फुकटातली शेगडी. गरम हवेसाठी महाडकराने एक रुपयाही खर्चू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम पाण्याची गोष्ट निराळी. ते हॉटेलला आणि दवाखान्याला बाराही महिने लागतं, पण त्यासाठी सोलर आहे.

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की मात्र हिशेब बदलतो. तिथे तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर हिवाळ्यातल्या काही पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हिमकणांचे फोटो येतात. तिथल्या हॉटेलमालकाला खोल्या गरम करायच्या असतील तर प्रश्न खरा आहे. त्यालाही गॅसच्या पेटीची गरज नाही. ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून मिळणारा साधा एसी चक्र उलटं फिरवून बाहेरची उष्णता आत आणतो. तिथल्या थंडीत एक युनिट विजेमागे तीन युनिटच्या आसपास उष्णता देतो. उणे २० अंशांत तो दमतो, दोन-चार अंशांत दमत नाही.

तेव्हा भट्टीचा अर्धा भाग महाडात बाद. उरला थंड करण्याचा अर्धा, आणि तोही वाटतो तेवढा सोपा नाही. महाडचा उकाडा तापमानात कमी आणि पाण्यात जास्त असतो. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आकडे मांडतो.

मेमधली एक दुपार घ्या : ३८ अंश, आर्द्रता ३५ टक्के. आता मृग लागल्यावरची एक दुपार घ्या : पाऊस पडून गेलाय, पारा ३० वर आलाय, आर्द्रता ८५ टक्के. सगळे म्हणतात, हवा थंड झाली. पण एक किलो हवेला २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणायचं असेल, तर मेच्या हवेतून साधारण २५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि जूनच्या त्या ‘थंड’ हवेतून ३९. म्हणजे दीडपट. कारण मेच्या एक किलो हवेत १४-१५ ग्रॅम वाफ असते, जूनच्या हवेत २३ ग्रॅम, आणि आत आपल्याला हवी असते दहाच ग्रॅम. मधली सगळी वाफ कॉइलवर पाणी करून गाळावी लागते. वाफेचं पाणी करताना प्रत्येक लिटरमागे सुमारे पाऊण युनिट उष्णता बाहेर पडते, ती यंत्राला ओढावी लागते. थर्मामीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

आता हॉल घेऊ. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, चार मीटर उंच, आत ३०० माणसं. माणसांची स्वतःची उष्णता ३५ किलोवॅट, म्हणजे दहा टन. माणसांना श्वास घ्यायला ताजी हवा लागते. माणशी सेकंदाला पाच लिटर हा कंजूषपणेच धरलेला आकडा आहे. मंगल कार्यालयात ती वेगळ्या पंख्याने आणावी लागत नाही. अक्षता पडून गेल्यावर दारं मिटतात कुठे? एक पंगत उठतेय, दुसरी बसतेय, पोरं आतबाहेर करतायत, फोटोवाला केबल ओढत चाललाय. या ताज्या हवेपायी मेमध्ये बारा टन लागतात, जूनमध्ये एकोणीस. भिंती, दिवे आणि स्लॅब यांचे चार-पाच टन वेगळे, आणि स्लॅब उघडा असेल तर मेमध्ये तो आणखी एक-दोन टन मागतो. एसीवाल्याचे शंभर फुटाला एक टन या हिशेबातले पंचवीस टन जूनच्या लग्नाला अपुरे पडतात ते असे.

टन वाढवून मात्र हा प्रश्न सुटत नाही. त्याच जूनच्या हॉलमध्ये ताज्या हवेतून तासाला ७५ लिटरच्या वर पाणी आत येतं आणि माणसांच्या घामा-श्वासातून आणखी वीसेक लिटर. तासाला जवळजवळ शंभर लिटर. एकूण उष्णतेच्या निम्म्याहून जास्त भाग हा वाफेचा आहे, तर बाजारातला नेहमीचा डक्टेबल एसी आपल्या ताकदीतला पाव ते एक तृतीयांश भागच वाफ गाळण्यात घालवतो. बाकीची ताकद तो हवा थंड करण्यात घालवतो, मागा किंवा नका मागू. मग हॉल २२ अंशांवर जातो, म्हाताऱ्या माणसांचे पाय गार पडतात, शालू अंगाला चिकटतो ते चिकटतोच, आणि सगळे म्हणतात, “एसी लावलाय पण मजा नाही.”

अशा वेळी यंत्र मोठं घेतलं तर गोष्ट आणखी बिघडते. मोठं यंत्र हॉलला दहा मिनिटांत २४ अंशांवर आणतं आणि कॉम्प्रेसर बंद करतं. ब्लोअर चालूच असतो. कॉइलवर जमलेलं पाणी ड्रेनपर्यंत पोचायच्या आत ब्लोअरची हवा ते उचलते आणि परत हॉलमध्ये सोडते. पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू, पुन्हा तेच. बिल येतं, कोरडेपणा येत नाही. यंत्र जेवढं सलग चालेल तेवढं पाणी गाळेल, हा दमट हवेचा नियम आहे.

गंमत अशी की एसी जन्मला तोच मुळी वाफेच्या त्रासातून. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडायचे. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने थंड कॉइलवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. माणसांना गार वाटतं हा जोडफायदा होता, तो पुढे धंदा झाला.

म्हणून कोटेशन घेताना ‘किती टन’ या एका आकड्यावर थांबू नये. त्या टनातला तापमान उतरवण्याचा भाग किती आणि वाफ गाळण्याचा किती, हे दोन आकडे वेगळे मागावेत. एसीवाले त्यांना सेन्सिबल आणि लेटंट म्हणतात. आणि ते कॅटलॉगमधल्या परिस्थितीला नव्हे, आत २४ अंश, ५५ टक्के या परिस्थितीला लिहून मागावेत. जो माणूस हे आकडे देऊ शकत नाही, त्याला पंखे विकू द्यावेत. कॉइल जास्त ओळींची म्हणजे जाड असेल आणि ब्लोअरचा वेग कमी करता येत असेल, तर तेच यंत्र जास्त पाणी गाळतं : हवा कॉइलवर रेंगाळते, नीट गार होते, जास्त वाफ सोडते. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन-तीन लहान यंत्रं घ्यावीत. बाजारात डक्टेबल साडेपाच, साडेआठ, अकरा टनांत मिळतात. अकराची तीन घेतली तर साखरपुड्याच्या ऐंशी माणसांना एक पुरतं, ते सलग चालतं, आणि ऐन मुहूर्ताला एक बंद पडलं तरी नाक राहतं. इन्व्हर्टर असेल तर यंत्र आपली चाल आपण कमी करतं, दमट हवेला तेही बरं. आणि छताचे पंखे काढू नयेत. फॉल्स सीलिंग करताना इंटिरियरवाला ‘लुक जातो’ म्हणून पंखे काढायला लावतो. पंखा असेल तर २६ अंशही २४ सारखे वाटतात, तीन यंत्रांवर त्याचा फरक बिलात दिसतो.

यंत्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न महाडात वादाचा नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिथला पाऊस डोंगर उतरून पोलादपूरवरून महाडात येतो, इथे काळ आणि गांधारी या नद्यांचं पाणी त्यात पडतं, आणि पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असली की नदीला पाणी सोडायला वाट मिळत नाही. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन पूर पाहिलेल्या माणसाला तळमजल्यावर आउटडोअर लावा असं सांगायची कुणाची छाती होणार नाही. २०२१ ला बाजारपेठेतले तळमजले पाण्यात गेले. पूर ओसरल्यावर मागे राहतो तो चिखल. पाण्यात गेलेली मोटर सुकवून, वार्निश करून कधी कधी चालते. इन्व्हर्टर एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड चिखलात गेला की संपला. तेव्हा यंत्र गच्चीवरच. अमेरिकन माणूस ते छपरावर ठेवतो ते जागा वाचवायला, महाडकर ठेवतो ते यंत्र वाचवायला.

यंत्र गच्चीवर आणि मेन पॅनल जिन्याखाली, हा प्रकार मात्र सर्रास दिसतो. पाणी तीन फूट चढलं की वर कोरडं बसलेलं यंत्र, जनरेटरचा चेंजओव्हर, स्टॅबिलायझर, सगळं निरुपयोगी. मीटर महावितरण लावेल तिथे लागेल, पण त्याच्या पुढचं पॅनल पहिल्या मजल्यावर नेण्याला कुणाची हरकत नसते. केबल दहा मीटर जास्त लागते, एवढाच खर्च.

गच्ची म्हटली की कोकणात पत्रा आलाच. स्लॅब गळू नये म्हणून वर लोखंडी सांगाडा आणि पत्र्याची शेड ही इथली रीत आहे आणि ती एसीच्याही फायद्याची आहे, कारण मेमधलं ऊन स्लॅबवर पडतच नाही. पण मग आउटडोअरही त्याच शेडखाली, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून बसवतात, ‘पावसात भिजू नये’ म्हणून. आउटडोअर भिजण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला पावसाचं वावडं नाही, कोंडलेल्या हवेचं आहे. शेडखाली त्याने फेकलेली गरम हवा पत्र्याला आपटून परत त्याच्याच मागच्या कॉइलमध्ये शिरते. बाहेर ३६ अंश असले तरी यंत्राला ४५ दिसतात, ताकद घटते, वीज वाढते आणि शेवटी प्रेशर चढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो, तोही नेमका दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला. आउटडोअर शेडच्या बाहेर काढावं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. पंखा समोर हवा फेकणारा असेल तर त्याचं तोंड त्या दिशेला करू नये, नाहीतर झडीच्या वाऱ्याशी पंख्याची झटापट होत राहते. उत्तरेची किंवा पूर्वेची कड बरी. आणि पाया बोल्टने आवळलेला हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात पत्रे कसे उडाले, हे इथे कुणाला सांगायला नको.

आता अमेरिकेतल्यासारखी सगळं पोटात असलेली पेटीच गच्चीवर बसवावी का, तेवढी भट्टी वगळून? भारतात तशी यंत्रं मिळतात. त्यांचा एक मोठा गुण आहे : गाळलेलं पाणी गच्चीवरच बाहेर पडतं, हॉलच्या डोक्यावर पाण्याचा पाइप येतच नाही. दुरुस्तीही वरच्या वर होते. पण डक्टसाठी स्लॅबला दीड-दोन फुटांची दोन भोकं पाडावी लागतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात स्लॅबला मुद्दाम भोक पाडायला छातीच लागते. भोकाभोवती किमान फूटभर उंच काँक्रीटचा कठडा, त्यावरून वॉटरप्रूफिंग चढवलेलं, वर पेटीची कड कठड्याच्या बाहेर आलेली, असं काम करणारा गवंडी हाताशी असेल तर खुशाल करावं. शिवाय उघड्यावरचा डक्ट उन्हात तापतो, पावसात भिजतो, त्यावरचं आवरण दोन वर्षांत फाटतं. पत्र्याच्या मोठ्या गोदामाला किंवा कारखान्याला पेटी ठीक. स्लॅबच्या हॉलला मी स्प्लिट डक्टेबलच सुचवेन : आउटडोअर गच्चीवर, इनडोअर फॉल्स सीलिंगच्या वर, मध्ये तांब्याच्या दोन नळ्या आणि वायर. नळ्यांचं भोक मूठभर, तेही स्लॅबला न पाडता भिंतीतून, पाइपला बाहेरून वरून खाली असा बाक देऊन, म्हणजे पागोळ्यांचं पाणी नळीच्या अंगाने आत येत नाही.

स्प्लिट घेतलं की ड्रेन पाइपकडे जातीने लक्ष द्यावं लागतं. मंगल कार्यालयांच्या पीओपीवर पिवळे डाग पडलेले असतात, ते नव्वद टक्के वेळा छप्पर गळल्याचे नसतात, एसीच्या ड्रेनचे असतात, असं माझं निरीक्षण आहे. इनडोअरमध्ये ब्लोअर हवा ओढत असतो, त्यामुळे पेटीच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब असतो. ड्रेनचा पाइप सरळ उघडा सोडला तर बाहेरची हवा त्या पाइपमधून उलटी आत खेचली जाते आणि ट्रेमधलं पाणी खाली उतरतच नाही, ट्रे भरून काठावरून सांडतो. यंत्र बंद केलं की अडलेलं पाणी भसकन खाली येतं, म्हणून मेकॅनिक येऊन बघतो तेव्हा त्याला सगळं ठीक दिसतं. उपाय वीस रुपयांचा आहे : बेसिनखाली असतो तसा यू आकाराचा बाक. त्या बाकात साचलेलं पाणी हवेची वाट अडवतं आणि वरून आलेलं पाणी पुढे ढकललं जातं. बाक चार-पाच इंच खोल हवा. पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. आणि जूनच्या त्या हॉलचं तासाला शंभर लिटर पाणी एकाच अर्ध्या इंची नळीतून जायचं नाही, प्रत्येक यंत्राला आपापली सव्वा इंची नळी द्यावी.

डक्टचंही तसंच. ३० अंश, ८५ टक्क्यांच्या हवेत २७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पत्र्यावर पाणी धरतं, आणि डक्टमधली हवा असते १३-१४ अंशांची. फॉल्स सीलिंगच्या वर बंद पोकळीत बाहेरची दमट हवा भरलेली असेल, तर डक्ट घामाने निथळतो. नायट्रिल रबराचं आवरण जाड घ्यावं आणि त्याचे सांधे बारकाईने चिकटवून घ्यावेत. एका ठिकाणी बोटभर फट राहिली की पाणी तिथून आवरणाच्या आत शिरतं आणि मग सगळं आवरण भिजून बसतं.

बिरवाडीच्या बाजूला, एमआयडीसीच्या शेजारी हॉल किंवा हॉटेल असेल तर आणखी एक बाब. रसायनांच्या कारखान्यांजवळच्या हवेत आम्लं किंवा गंधकाची संयुगं अगदी थोडी असली तरी ओल्या तांब्यावर आणि ॲल्युमिनियमवर ती आपलं काम करतात. नळीला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा’ लागतो. कॉइलवर कारखान्यातूनच चढवलेला संरक्षक लेप मागावा. नंतर स्प्रे मारून काही साधत नाही. त्याच एमआयडीसीत आणि इतरत्र औषधं किंवा भुकट्या बनवतात, तिथे हवा अगदी कोरडी लागते. तिथे सिलिका जेलने मढवलेलं एक मोठं चाक फिरत असतं : चाकाच्या मोठ्या भागातून जाणारी हवा आपली वाफ चाकाला देते, उरलेल्या लहान भागातून गरम हवा सोडून चाक पुन्हा सुकवतात. ती गरम हवा करायला वीज, स्टीम किंवा जळणारा गॅस वापरतात. महाडच्या हवेत गॅसच्या ज्योतीला एसीशेजारी खरं काम असेल तर हे आहे. मंगल कार्यालयाला ते परवडणारं नाही.

मुंबईतल्या मोडलेल्या ऑफिसांमधली जुनी डक्टेबल यंत्रं निम्म्याहून कमी दरात मिळतात आणि लोक घेतातही. त्यात बहुतेक वेळा आर-२२ हे जुनं द्रव्य असतं. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांत ते वापरायला बंदी आहे. दुरुस्तीसाठी ते अजून मिळेल, पण दिवसेंदिवस महाग होत जाईल. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-४१० ए असतं. आर-३२ पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत ४१० ए च्या एक तृतीयांश आहे, मात्र ते थोडंसं ज्वलनशील आहे, म्हणून वेल्डिंगची टॉर्च हातात घेऊन येणारा मेकॅनिक त्याची माहिती असलेला हवा.

सगळ्यात शेवटी विजेचा हिशेब, जो खरं तर सगळ्यात आधी करायला हवा. अकराची तीन यंत्रं, ३३ टन, म्हणजे साधारण ४० किलोवॅटचा लोड. व्यावसायिक जोडणीत २० किलोवॅटच्या पुढे गेलं की महावितरण दर केव्हीएमागे डिमांड चार्ज लावतं, आणि तो लग्न असो वा नसो, दर महिन्याला येतो. इथले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, मे महिन्यात चाकरमानी आले की गर्दी होते, आणि चातुर्मास लागला की हॉलला कुलूप. वर्षातल्या फार तर चाळीस-पन्नास दिवसांसाठी बारा महिन्यांचा स्थिर आकार भरायचा, तेवढ्याच ताकदीचा जनरेटर बाळगायचा, तीन यंत्रांच्या कॉइल दरवर्षी धुवायच्या. भाड्यात हे निघतं का, हे कागदावर मांडून बघावं. महाडच्या पुढारलेल्या हॉलला कदाचित निघेल. पोलादपूरकडच्या बहुतेक हॉलना निघणार नाही. त्यांनी वधू-वराकडच्या दोन खोल्यांना दीड-दीड टनाचे इन्व्हर्टर स्प्लिट लावावेत, आउटडोअर पहिल्या मजल्याच्या वर ठेवावीत, हॉलच्या आमोरासमोरच्या खिडक्या मोठ्या कराव्यात, आणि छताला संथ फिरणारे वीस फुटी पंखे टांगावेत. एक पंखा दीड-दोन किलोवॅटच्या आत चालतो, आणि जोडणी २० किलोवॅटच्या आत राहते.